शोधगंगेवर प्रबंध गेला म्हणजे चोरांच्या हाती गेला?

पीएच.डी. करणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय: शोधगंगेवर, म्हणजे देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध सगळ्यांना वाचायला खुले असलेल्या संकेतस्थळावर, प्रबंध चढला की कुणीही तो उचलतो. हक्क सरकारकडे जातात. मग जर्नल शोधनिबंध घेत नाही, प्रकाशक पुस्तक काढत नाही. म्हणून सॉफ्ट कॉपी द्यायचीच झाली तर पानं स्कॅन करून, पासवर्ड लावून द्या, म्हणजे कुणाला काही कॉपी करता येणार नाही.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंध स्वीकारण्याच्या टेबलावर बसते. पाच-सहा वर्षं राबून लिहिलेलं काम घेऊन आलेली मुलं हा मेसेज दाखवतात आणि हातातला पेनड्राइव्ह घट्ट धरून ठेवतात. त्यांची भीती खरी आहे. मेसेज मात्र जवळजवळ सगळाच चुकीचा आहे.

हक्कांचं आधी सांगते, कारण त्याला फार वेळ लागत नाही. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं केंद्र, शोधगंगा चालवतं, पण तुमचा कॉपीराइट ते घेत नाही. तुम्ही सही करता ती प्रबंध जपून ठेवायच्या आणि लोकांना दाखवायच्या परवानगीवर. तिथले प्रबंध क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असतात. लेखकाचं नाव द्यायचं, धंद्यासाठी वापरायचं नाही, आणि त्यावरून काही नवं केलं तर तेही याच अटींवर खुलं ठेवायचं. नाव गाळून उतरवून घ्यायची मुभा यात कुठेच नाही.

आता चोरी. आमच्याकडे जुने प्रबंध स्कॅन करायचं काम चालू असताना लोकगीतांवरचे दोन प्रबंध एकाच आठवड्यात माझ्या हाताखालून गेले. दोन वेगळ्या विद्यापीठांचे, मध्ये अकरा वर्षांचं अंतर. तिसरं प्रकरण शब्दशः एकच. गाणी सांगणाऱ्या बायकांच्या गावाचं नाव तेवढं बदललेलं, टंकलेखनाच्या चुकासुद्धा त्याच. पहिल्या बाईंनी उन्हातान्हात वस्त्यांवर हिंडून गोळा केलेलं ते साहित्य होतं. त्यांचा प्रबंध इतकी वर्षं कुलुपात होता. ज्याला चोरायचं होतं तो कपाटापर्यंत पोचला, आणि ज्यांनी ती चोरी पकडायची ते परीक्षक काही पोचले नाहीत. त्या दिवसापासून ‘कपाटात सुरक्षित आहे’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

खुल्या प्रबंधावर तुमचं नाव, मार्गदर्शकाचं नाव, विद्यापीठ आणि तारीख सगळ्यांना दिसते. उद्या कुणी तुमचं प्रकरण आपलं म्हणून छापलं तर तुम्हाला पुरावा शोधत फिरावं लागत नाही. वाङ्मयचौर्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे पायऱ्या आहेत, आणि साम्य ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. पण हे साम्य सॉफ्टवेअरला कळायचं तर आधीचा मजकूर त्याच्यासमोर असायला हवा. शोधगंगेवर पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. तुमचा त्यांत नसेल, तर तो उतरवणाऱ्याचा अहवाल स्वच्छ येईल.

जर्नलबद्दलची भीती विज्ञानाच्या मुलांत जास्त दिसते. ‘आधी प्रसिद्ध झालेलं चालत नाही’ हा नियम खराच आहे, पण बहुतेक मोठे प्रकाशक त्यातून प्रबंध वगळतात. एल्सव्हिअरच्या लेखकांसाठीच्या सूचनांत तर गोषवारा, व्याख्यान आणि प्रबंध हे अपवाद म्हणून स्पष्ट लिहिलेले आहेत. आपल्या जर्नलचं धोरण वाचावं, आणि हा निबंध माझ्या अमुक प्रबंधावर आधारलेला आहे असं संपादकाला पहिल्याच पत्रात कळवावं. मग साम्याच्या अहवालात स्वतःचाच प्रबंध दिसला तरी संपादकाला त्याचं कारण आधीच ठाऊक असतं.

पुस्तकाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. अमेरिकेतल्या इतिहासकारांच्या संघटनेनं, अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशननं, २०१३ साली तरुण इतिहासकारांना प्रबंध सहा वर्षांपर्यंत ऑनलाइन न आणण्याची मुभा द्या अशी भूमिका घेतली होती, ती याच काळजीपोटी. तरी मला वाटतं, आपल्याकडे प्रबंध जसाच्या तसा पुस्तक म्हणून खपतच नाही. गृहीतकं, संशोधनपद्धती, तक्ते गाळून तो नव्यानं लिहावा लागतो, आणि ते नवं लेखन शोधगंगेवर नसतं. उलट एक काळ असा होता की काही विद्यापीठांत प्रबंध छापल्याशिवाय पदवीच हाती पडत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग यांनी पुस्तक म्हणून काढला. त्याच्या छापील प्रती जमा झाल्या आणि १९२७ मध्ये कोलंबिया विद्यापीठानं त्यांना पीएच.डी. रीतसर बहाल केली. प्रबंध म्हणजे लोकांसमोर ठेवलेलं काम, ही अट इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे.

थांबायलाच हवं अशा जागाही आहेत. पेटंट घ्यायचं असेल तर अर्ज आधी आणि प्रबंध नंतर, कारण जाहीर झालेल्या गोष्टीला पेटंटच्या कायद्यात नवी म्हणत नाहीत. अशा वेळी मार्गदर्शकामार्फत ठरावीक मुदतीसाठी प्रबंध रोखून ठेवायची लेखी विनंती करा. कौटुंबिक हिंसेवर किंवा आजारावर मुलाखती घेतल्या असतील तर नावं, गावं प्रबंध लिहितानाच बदला. पासवर्डानं मुलाखत देणाऱ्या बायका सुरक्षित होत नाहीत, मौखिकीला बसलेल्यांच्या हातात तर ती पानं असतातच.

सगळ्यात जास्त राग मला मेसेजमधल्या उपायाचा येतो. स्कॅन केलेल्या पानाला कॉम्प्युटर चित्र समजतो. त्यातला एकही शब्द शोधता येत नाही. बीडमध्ये ऊसतोड कामगारांवर काम करणारी एखादी मुलगी ‘कोयता’ शोधेल आणि तुमचा प्रबंध तिला सापडणारच नाही. तुमचा संदर्भ कुणी देणार नाही, तुमचा विषय पुन्हा कुणीतरी पहिल्यापासून करत बसेल. मराठीत हे नुकसान मेसेज न वाचताही होतंय. आपले ढीगभर प्रबंध श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप झालेत. कागदावर अक्षर सुरेख उमटतं, पण फाइलच्या पोटात मराठी नसतेच, इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. शोधयंत्राला ती वाचता येत नाही, चोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही नाही. नंतर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी मराठी म्हणूनच कळते त्या पद्धतीत, बदलायला जावं तर पहिली वेलांटी भलतीकडे सरकते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि चारशे पानं डोळ्यांखालून घालावी लागतात.

म्हणून प्रबंध टायपिंगला देतानाच युनिकोड सांगा. फाइल हातात आली की मधला कुठलाही एक परिच्छेद कॉपी करून कोऱ्या पानावर चिकटवून पाहा. मराठी मराठीच राहिली तर बाईंडिंगला द्या. नाही राहिली तर टायपिंगवाल्याचं बिल चुकतं करायच्या आधी त्याच्यासमोर बसून ती दुरुस्त करून घ्या.