कान झाका, राजेहो

न्यूयॉर्कचे लोक सध्या फार दुःखात आहेत. १९३२ पासून तिथल्या पोलिसांची वायरलेसवरची बोलणी कोणालाही घरबसल्या ऐकता येत होती. २०२३ पासून पोलिसांनी ती एकेका भागात एन्क्रिप्ट, म्हणजे बाहेरच्याला कळू नये अशी कुलूपबंद, करायला घेतली, नव्या यंत्रणेचा खर्च सुमारे ३९ कोटी डॉलर. शिकागोत जनतेला ती अर्धा तास शिळी करून ऐकवतात. अर्ध्या तासात आपल्याकडे भांडण होऊन, मिटून, दोन्ही पार्ट्या खर्रा खाऊन घरी जातात!

तुम्ही मात्र नागपूरकर, निर्धास्त राहा. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगू नये, हे इंग्रजांनी १९३३ मध्येच ठरवून दिलं. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला, परवाना तेवढा राहिला. त्यामुळे पोलिसांची बोलणी पकडणारा रेडिओ, म्हणजे स्कॅनर, घ्यायचा मोह झाला तर त्या पैशात सावजी खा.

खरा धोका आहे पोह्याच्या ठेल्यावर. सकाळी हवालदारसाहेब तिथं उभे असतात. एका हातात तर्रीची प्लेट, दुसऱ्यात चमचा, म्हणजे खांद्यावरच्या वॉकीटॉकीचा आवाज कमी करायला हातच उरत नाही. हवेतला संदेश कितीही कुलूपबंद करा, त्या डब्यातून तो शेवटी मराठीतच बाहेर पडतो: ‘मोर्चा मॉरिस कॉलेज टी पॉइंटला, सीताबर्डीची गाडी वळवा.’ अशा वेळी सज्जन नागरिकानं कान झाकावेत. प्लेट हातात असेल तर निदान मोठ्यानं भुरका मारावा. डिसेंबरात, विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या दिवसांत, याचा रोज सराव होतो.

रस्ता का बंद होता हे जाणून घ्यायचंच असेल, तर सरळमार्गी उपाय आहे. माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. तोवर तुम्ही ऑफिसात पोचलेले असाल. एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाका, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच सांगितलंय, फक्त संवेदनशील प्रकरणं सोडून. ती कोणती, हे ठरवायला किमान उपअधीक्षक लागतो. तुम्ही उपअधीक्षक नाही, तेव्हा संवेदनशील होऊ नका.

आता खरं बोलायचं तर, मार खाऊन मदतीला फोन करणाऱ्या बाईचा पत्ता गावभर ऐकू जाऊ नये, हे कोणालाही पटेल. तेवढा पत्ता झाकावा, बाप्पा. पण कपाटाच्या एका खणापायी अख्ख्या वाड्याला कुलूप ठोकणं, यालाच बहुधा आधुनिकीकरण म्हणतात. आपल्या बाजूनं मात्र पारदर्शकतेत कसूर नको: भाडेकरू ठेवला की त्याचं नाव, फोटो, मूळ गाव ठाण्यात नेऊन द्या. कोणी विचारायच्या आधीच.

आणि ठेल्यावर हवालदारसाहेबांनी हटकलंच, ‘काय ऐकलं बे?’ तर म्हणा, ‘काही नाही साहेब, तर्री जास्त टाक म्हणत होतो.’ मग पैसे द्या अन् बर्डी टाळून रामदासपेठेतून निघा.