गुरुजी ध्यानाला बसलेत

काल संध्याकाळी मंडळाच्या कार्यालयात माझा सत्कार झाला नाही. तो का झाला नाही, हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे आज तरी झोप लागेल.

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाचं संकेतस्थळ कार्यालयातल्याच एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर चालतं. गणपतीत संध्याकाळी सातच्या सुमारास सगळा रामबाग एकदम ‘आज कार्यक्रम काय’ बघायला येतो आणि त्याला धाप लागते. म्हणून मी त्याच्या पुढे वार्निश नावाचं सॉफ्टवेअर बसवलं, म्हणजे गर्दी आधी त्याच्याकडे जाते. डॉकर म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय; त्यातल्या एका कंटेनरमध्ये संकेतस्थळ, दुसऱ्यात वार्निश. खर्च शून्य. कार्यकारिणीत मी ‘वार्निश लावायचं आहे’ म्हणालो तेव्हा खजिनदारांना ते सभागृहाच्या खुर्च्यांसाठी वाटलं आणि त्यांनी ठराव लगेच मंजूर करून घेतला. खुर्च्या अजून तशाच का, हे मला दर रविवारी विचारलं जातं.

काल दुपारी संकेतस्थळाची नवी आवृत्ती चढवली. साडेसहाला पाहतो तर पांढऱ्या पानावर काळी अक्षरं: एरर ५०३, बॅकएंड फेच फेल्ड, म्हणजे मागच्या संकेतस्थळाकडून वार्निशला पान मिळालंच नाही. त्याखाली: गुरु मेडिटेशन.

शेजारी आप्पा होते. आप्पा मंडळात नेमके कोण आहेत हे कोणालाच माहीत नाही, पण किल्ली त्यांच्याकडे असते. हातात भुट्ट्याच्या कीसाचा द्रोण. ते वाकले, आणि कीसाचा एक ओला गोळा माझ्या लॅपटॉपच्या स्पेसबारवर पडला.

“गुरु मेडिटेशन,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “कोणते गुरु?”

“कोणतेच नाहीत. एरर आहे, आप्पा.”

“एरर वर लिहिलीय. मी खालचं विचारून राहिलो.”

“पूर्वी अमिगा नावाचे कॉम्प्युटर होते, ते बंद पडले की असं यायचं. तिथून उचललंय.”

“म्हणजे परंपरा आहे.”

“गंमत आहे.”

“परंपरा आहे,” आप्पांनी आवाज खाली आणला. “आणि हा आकडा?”

“आलेल्या विनंतीचा क्रमांक.”

“बत्तीस हजार सातशे सत्तर.” द्रोण टेबलावर ठेवला गेला. “एवढा जप झाला?”

तेवढ्यात कीर्तनाची वेळ विचारायला दोन काकू आल्या; मोबाइलवर पान उघडत नव्हतं म्हणून पायी आल्या होत्या. आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं. “गुरुजी ध्यानाला बसलेत. साडेसातनंतर पाहा.” काकूंनी लॅपटॉपला नमस्कार केला. एकीने तर चपला काढून केला. मग माझ्याकडे बघत, “आणि हा काय करतोय?”

“हा सेवा करून राहिला.”

मी लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, वाचत होतो. त्या गेल्यावर आप्पा पुन्हा खुर्ची ओढून बसले. “पण हे तुझं वार्निश करतं काय?”

“एकदा तयार झालेलं पान जपून ठेवतं. पुढच्याने मागितलं की तेच काढून देतं.”

“म्हणजे शिळं वाढतं.”

“आपण काही सांगितलं नाही तर १२० सेकंद ठेवतं, आप्पा. दोन मिनिटं. पोहेवाला परातभर पोहे करून वाफेवर ठेवतो न? प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी फोडणी घालतो का? तसं.”

आप्पांनी बराच वेळ विचार केला. मला वाटलं, पटलं.

“मग यात जिलबी कुठे आहे?”

हे वार्निश २००६ साली नॉर्वेतल्या एका वर्तमानपत्रासाठी तयार झालं. लिहिणारा डॅनिश, पाउल-हेनिंग कॅम्प. त्याच्या शेजारी किल्लीवाले आप्पा कीस खात बसले असते तर त्याने पहिल्याच दिवशी सुतारकामाचं वार्निश विकायला घेतलं असतं. आणि एक सांगतो. मांडववाल्याला आम्ही आगाऊ रक्कम देतो, गुरुजींना दक्षिणा देतो, माईकवाला तर पैसे मोजून घेतल्याशिवाय तार सोडत नाही. मला चहा मिळतो. काल तोही अर्धा, कारण उरलेला अर्धा आप्पांचा. फुकट काम करणाऱ्याचा वेळ फुकटच असतो, अशी सगळ्यांची समजूत आहे. असो.

कारण सापडायला चाळीस मिनिटं लागली. वार्निश सुरू होताना आपली मांडणी वाचतं, संकेतस्थळाच्या कंटेनरचा पत्ता एकदाच विचारून घेतं आणि पुन्हा म्हणून विचारत नाही. दुपारी मी जुना कंटेनर काढून नवा उभा केला; मधल्या वेळात चाचणीसाठी चालू केलेल्या एका भलत्याच कंटेनरने तो मोकळा पत्ता बळकावला होता. वार्निश त्याच्या दारावर धडका मारत बसलं होतं. आमचे एक मामा असेच. भाचा सुदामानगरला राहायला जाऊन किती वर्षं झाली, पण मामा दिवाळीचा फराळ घेऊन राजवाड्यामागच्या जुन्या वाड्यातच जायचे आणि नव्या भाडेकरूने दार उघडलं की त्याच्यावरच चिडायचे.

म्हणजे फक्त वार्निश पुन्हा सुरू करायचं होतं. एका ओळीचं काम. स्पेसबार पुसून मी ती ओळ लिहायला घेतली.

“बंद करून चालू करून बघू या का?” आप्पांनी विचारलं. विचारलं तेव्हा भिंतीवरचं तपकिरी बटण बंद झालेलं होतं.

कॉम्प्युटर विझला. आप्पांनी मनात दहा आकडे मोजले आणि बटण चालू केलं. आपोआप उठावेत अशी सोय मीच करून ठेवली होती, त्यामुळे कंटेनर उठले. वार्निशने पत्ता नव्याने विचारला, खरा पत्ता मिळाला आणि कीर्तनाची वेळ झळकली. माझं पोट दुखतं ते इथे. उपाय बरोबर होता! चुकीचा असता तर मी भांडलो असतो. चालत्या मशीनची वीज अशी तोडली तर एखाद दिवशी सगळी माहिती जाईल, हे सांगून पाहिलं. “पण गेली का?” आप्पा म्हणाले. नव्हती गेली.

आरतीनंतर अध्यक्षांनी माईकवरून आप्पांचे आभार मानले. शाल आणलेली नव्हती, म्हणून मखराचा जास्तीचा हार घातला. माझा उल्लेख ‘सोबत बसलेला आपला तरुण कार्यकर्ता’ असा झाला. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे.

आज त्या बटणाखाली चिठ्ठी चिकटलेली आहे: ‘संकेतस्थळ ध्यानाला बसल्यास हे बटण बंद करून दहा आकडे मोजावेत.’ खाली आप्पांची सही. मजकूर माझ्या अक्षरात आहे. आप्पांचा चष्मा घरी राहिला होता.