अंडपेशी गरगरा फिरवून काय कळतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फ्यूकस या समुद्री शैवालाची अंडपेशी यंत्रात गरगरा फिरवण्याच्या प्रयोगांवरचा माझा लेख इतका बारकाईने वाचलात, त्याबद्दल आधी मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन. फ्यूकस ही मुळात वनस्पतीच नाही, मग शीर्षकात ‘वनस्पतीची अंडपेशी’ कशाला? आणि फिरणाऱ्या वस्तूला बाहेर ओढणारं अपकेंद्री बल हे आभासी बल. जे नाहीच, त्याचा परिणाम कसला मोजायचा?

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. फ्यूकस हे तपकिरी शैवाल आहे, हिरव्या वनस्पतींच्या कुळातलं नाही. शीर्षक आजच बदलतो.

दुसरा मात्र मला पटत नाही. ‘आभासी’ हा शब्द गणित मांडण्याच्या सोयीचा आहे. अंडपेशी वेगाने फिरवली की आतले जड कण बाहेरच्या बाजूला जमतात, हलके मेदाचे थेंब आतल्या बाजूला राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे थर सरळ दिसतात. गणितात त्या बलाला नाव काहीही द्या, थर तेच राहतात.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा अंडपेशीच्या प्रयोगांहून जुना आहे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस अँड्र्यू नाइट यांनी 1806 मध्ये प्रसिद्ध केलेला. ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या, 11 इंच व्यासाच्या चाकावर त्यांनी घेवड्याच्या बिया बसवल्या. चाक उभं फिरत होतं तेव्हा मुळं सगळीकडून बाहेर वळली आणि कोंब मध्याकडे आले. मग चाक आडवं केलं. मिनिटाला 80 फेऱ्यांना मुळं साधारण 45 अंशांत तिरपी वाढली. आता हिशोब करून पाहा: साडेपाच इंच त्रिज्येवर 80 फेऱ्या म्हणजे बाहेरची ओढ जवळजवळ 1 जी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीइतकीच. खाली 1 जी, बाहेर 1 जी. मूळ बरोबर मधून गेलं! हा हिशोब मी पहिल्यांदा कागदावर केला त्या रात्री मला झोप लागली नव्हती. बीला पृथ्वीची ओढ आणि चाकाची ओढ यात फरक कळत नाही. तुमच्या ‘आभासी’ला हे बीनेच दिलेलं उत्तर आहे.

आता फ्यूकसच का? फुलझाडाची अंडपेशी बीजांडात खोल दडलेली असते, आणि बहुतेक झाडांत तिला फलनाआधीच दोन टोकं असतात: एकीकडे मोठी रिक्तिका (द्रवाने भरलेली पिशवी), दुसरीकडे केंद्रक. फ्यूकसची अंडपेशी मात्र समुद्राच्या पाण्यात मोकळी सुटते, गोल, कुठलंही टोक नसलेली. फलनानंतर एका बाजूने उजेड पाडला की अंधाऱ्या बाजूला मुळासारखा फुगवटा येतो. जीवशास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी 1937 मध्ये ही अंडी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवून दाखवलं, की उजेडासारखंच फिरवणंही हा अक्ष, म्हणजे फुगवट्याचं टोक कुठल्या बाजूला येणार ते, ठरवू शकतं.

असले प्रयोग म्हणजे ‘निव्वळ हौस’ असं तुम्ही शेवटी लिहिलंत, ते मला लागलं. भ्रूणाचं मूळ कुठल्या बाजूला येणार हे पेशीत कोण ठरवतं, हा त्यामागचा प्रश्न आहे. पहिले काही तास उजेडाची बाजू बदलली की फ्यूकसचा अक्षही बदलतो. पुढे, पहिलं विभाजन व्हायच्या आधीच, तो पक्का होतो. मग उजेड कुठूनही पाडा, फुगवटा ठरल्या जागीच येतो.