फुकुशिमाचा मासा आणि एक अर्धवट दावा

फुकुशिमा अणुवीज केंद्रात २०११ च्या अपघातानंतर साठवलेले पाणी जपानने २४ ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडायला सुरुवात केली, तेव्हा एक मजकूर हातोहात पसरला आणि तो अजूनही अधूनमधून डोके वर काढतो. त्याचा आशय असा: या पाण्यामुळे जपानी मासे, सोया सॉस आणि हिरवा चहा किरणोत्सर्गी झाले आहेत, एका माशात मर्यादेच्या १८० पट सीझियम हे किरणोत्सर्गी द्रव्य सापडले, हा त्याचा पुरावा, चीनने जपानी सागरी अन्नावर उगाच बंदी घातलेली नाही, आणि ‘सुरक्षित मर्यादा’ ही निव्वळ सरकारी पळवाट आहे.

आधी मासा, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. मासा खरा आणि आकडाही खरा: किलोमागे १८,००० बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन) सीझियम, तर जपानची एप्रिल २०१२ पासूनची मर्यादा १०० बेकरेल. मात्र तो पकडला गेला मे २०२३ मध्ये, म्हणजे पाणी सुटण्याच्या तीन महिने आधी, आणि तोही केंद्राच्या स्वतःच्या बंदरात, जिथे २०११ च्या अपघातातील सीझियम तळाच्या गाळात बसले आहे, जिथे व्यापारी मासेमारी होत नाही आणि मासे बाहेर पडू नयेत म्हणून जाळी लावलेली आहेत. ऑगस्टमध्ये सुटलेल्या पाण्याचा पुरावा म्हणून मेमधला मासा दाखवणे कोणत्याच हिशेबात बसत नाही. मजकूर लिहिणाऱ्याला खरोखर अडचणीचे उदाहरण हवे असते, तर जानेवारी २०२२ मध्ये फुकुशिमालगतच्या खुल्या समुद्रात मिळालेला त्याच जातीचा, किलोमागे १,४०० बेकरेलचा मासा त्याने द्यायला हवा होता. पण मग त्या जातीची तिथली विक्री लगेच थांबवण्यात आली, हेही सांगावे लागले असते. तिथल्या मच्छीमार सहकारी संस्था तर राष्ट्रीय मर्यादेच्या निम्म्यावर, ५० बेकरेललाच माल अडवतात.

आता पाण्याविषयी. शुद्धीकरणात सीझियम, स्ट्रॉन्शियम यांसारखी द्रव्ये काढली जातात. ट्रिटियम हे हायड्रोजनचेच रूप असून ते पाण्याच्या रेणूतच सामावलेले असल्यामुळे गाळता येत नाही. म्हणून ते समुद्राच्या पाण्यात मिसळून लिटरमागे १,५०० बेकरेलच्या खाली आणले जाते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली पातळी १०,००० आहे. वर्षभरात सोडायच्या ट्रिटियमची कमाल मर्यादा २२ टेराबेकरेल (एक टेराबेकरेल म्हणजे एक लाख कोटी बेकरेल), तर फ्रान्समधील ला हाग येथील पुनर्प्रक्रिया केंद्रातून वर्षाला सुमारे १०,००० टेराबेकरेल समुद्रात जाते. आपल्या तारापूरच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतही ट्रिटियम तयार होतेच. टाक्यांतील बहुतांश पाण्यात इतर द्रव्येही मर्यादेपेक्षा जास्त उरली असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले आणि ते पुन्हा शुद्ध करावे लागणार हे मान्य करावे लागले. त्यामुळे केंद्र चालवणाऱ्या कंपनीवर अविश्वास दाखवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. तरीही समुद्रात सोडलेले पाणी डोंगरउतारावरच्या चहाच्या मळ्यात कसे पोहोचते, याचे उत्तर त्या मजकुरात नाही. २०११ मध्ये काही जपानी चहात सीझियम सापडले होते, ते हवेतून पानांवर आणि झाडांवर बसल्यामुळे.

चीनच्या बंदीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्याच ऑगस्टच्या ३ तारखेला युरोपीय संघाने जपानी अन्नावरील उरलेसुरले निर्बंध उठवले होते, हे त्या मजकुरात सोयीस्करपणे गाळले आहे.

मर्यादेचा मुद्दा मात्र गंभीर आहे. अगदी कमी मात्रेतही धोका शून्य मानू नये, हे गृहीतक किरणोत्सर्ग संरक्षणशास्त्राने स्वीकारलेलेच आहे आणि मर्यादा त्याच्याच आधारे ठरतात. एखाद्याने वर्षभरात नेमके १०० बेकरेलचे २० किलो मासे खाल्ले, तर त्याला सीझियम-१३७ पासून सुमारे ०.०२६ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) मात्रा मिळेल. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतेच, आणि प्रौढ शरीरातील पोटॅशियममधून सुमारे ४,००० बेकरेल कायम चालू असतात. हा वाद मुंबईला नवा नाही. १९८६ च्या चेर्नोबिल अणुअपघातानंतर आयर्लंडहून आलेल्या लोण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने एम. जी. के. मेनन, पी. के. अय्यंगार व जी. व्ही. के. राव यांच्या तज्ज्ञ समितीचे मत मागवून १९८८ मध्ये निकाल दिला: ठरवलेल्या पातळीखालील दुग्धजन्य पदार्थ खाण्यास सुरक्षित आहेत. याचिकाकर्त्यांची शंका रास्त होती आणि तिला मोजमापांवर आधारलेले उत्तर मिळाले.

काळजी करायचीच असेल, तर ती रानातल्या मालाची करावी. जंगलात सीझियम पालापाचोळा आणि मातीच्या वरच्या थरात फिरत राहते, त्यामुळे जपानमधील रानटी अळंबी आणि रानडुकराचे मांस, तसेच चेर्नोबिलमुळे बव्हेरियातील रानडुकरे यांच्यात आजही मर्यादेबाहेरचे नमुने मिळतात. परदेशातून कोणी रानातली सुकी अळंबी आणली, तर ती कुठल्या भागातली आहे, हे जरूर विचारावे.