'लॉचं पहिलं वर्ष गाईडवर निघतं' म्हणणाऱ्यांना

सीईटीचे प्रवेश झाले की ठाण्यातल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरायला लागतो. लॉचं पहिलं वर्ष पाठांतराचं, गाईड घ्या, शेवटचे पंधरा दिवस पुरतात. असाइनमेंट म्हणजे वेळकाढूपणा, तीन तासांचा पेपरच खरा न्याय. वकिली काय ती कोर्टातच शिकतात. मी ठाण्याच्या कोर्टात वकिली करते आणि संध्याकाळी पहिल्या वर्षाला कॉन्ट्रॅक्ट शिकवते. या मेसेजवर विसंबलेली मुलं दरवर्षी माझ्या वर्गात असतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

'पाठांतराचं वर्ष.' मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष, 1903 चा गाजलेला खटला. मायनरचा, म्हणजे अठराच्या आतल्याचा, करार मुळातच व्हॉइड, म्हणजे कायद्याने करारच नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. मग मी विचारते: कळव्यातल्या सतरा वर्षांच्या मुलाने वय लपवून उधारीवर बाइक घेतली, पैसे थकवले. दुकानदार तुमच्याकडे आलाय, त्याला काय सांगाल? उत्तरात दोन पानं मोहरीबीबी उतरवलेली असते आणि दुकानदार तसाच ताटकळत उभा. त्या खटल्यात मुलाला कर्ज देणाऱ्या सावकाराच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्याला मुलाचं खरं वय ठाऊक होतं. इथे दुकानदार फसलाय. शिवाय 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम 33 आहे. मायनरने 'करारच व्हॉइड' असा बचाव घेतला, तर त्याला जितका लाभ झाला तितका परत करायला कोर्ट सांगू शकतं. मग बाइक अजून दारात उभी असेल तर वाद एक, विकून पैसे उडवले असतील तर दुसरा. पहिल्या वर्षी शिकायचं ते हे. कलमं माहीत हवीतच, पण ती लावायची कुठे हे पाठ करून येत नाही.

'गाईड पुरतं.' 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाच्या शिक्षेचं कलम 302 आता 103 झालं. नव्या संहितेत 302 म्हणजे धार्मिक भावना दुखावण्यासाठी उच्चारलेले शब्द. सीनियरकडून आलेलं जुनं गाईड घोकणाऱ्याने एवढं पाहावं.

'एक पेपर म्हणजे न्याय.' यातला राग मला समजतो. अंतर्गत गुण सरसकट वाटले जातात, हे मुलांनी पाहिलंय. पण डोंबिवलीहून नोकरी करून येणाऱ्या मुलीला आपण प्रश्न सोडून केसच लिहीत बसतो हे कळणार कधी? निकालात फक्त आकडा येतो. तीच चूक सुरुवातीच्या महिन्यातच कुणी दाखवली तर ती सुधारता येते. म्हणून दर आठवड्याला एक पान: एक घटना, तुमचा निर्णय, त्याचं कारण. पहिल्या चार पानांना गुण नाहीत. साठ जणांची तुकडी एकटीने तपासणं जमत नाही, हे मान्य. मी आठवड्याला पंधरा पानं तपासते, बाकीची मुलं जोडीने एकमेकांची तपासतात. महिन्यात प्रत्येकाचं पान एकदा माझ्या हाती येतं. पेपरही असू दे, पण कायद्याचा नुसता मूळ मजकूर असलेला बेअर अ‍ॅक्ट जवळ ठेवून. वकिलीसाठी द्यावी लागणारी ऑल इंडिया बार परीक्षा टिपणं नसलेला बेअर अ‍ॅक्ट नेऊ देते. मग पहिल्या वर्षाच्या मुलाकडूनच तोंडपाठ कलमं कशासाठी?

'कोर्टातच शिकतात.' वकिली आणि तिच्या शिक्षणाचे नियम करणाऱ्या बार कौन्सिलचा कॉलेजात 70 टक्के हजेरीचा नियम आहे, हे आधी लक्षात ठेवा. आणि कोर्टात जरूर या, ठाण्यात या नाहीतर बेलापूरला जा. पण तयारीशिवाय आलात तर दिवसभर 'पुढची तारीख' एवढंच ऐकू येईल. मी येणाऱ्यांना एक पान लिहायला सांगते: कोण काय मागतंय, कोणत्या कलमाखाली, समोरच्याचं म्हणणं काय. एकीने लिहिलं होतं, 'तारीख का दिली ते कळलं नाही.' त्या ओळीवर आमचं अख्खं लेक्चर झालं: समन्सची बजावणी कशी होते, लेखी कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, 30 दिवस का असतात, आणि ते 90 पर्यंत वाढवून मागताना कोर्टाला कारण काय द्यायचं.