डुकराकडे बघावं

फेलिसियाँ रोप्स या बेल्जियन चित्रकाराचं 'पोर्नोक्रातेस' बघताना आपण बाईकडे बघतोय असं कुणाला वाटू देऊ नये. नजर डुकरावर ठेवावी. मूळ चित्र १८७८चं. आल्बेर बर्त्राँने १८९६मध्ये त्यावरून रंगीत एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, केलं आणि मूळ चित्र न परवडणाऱ्या सभ्य गृहस्थांचीही सोय झाली. बाईच्या अंगावर टोपी, हातमोजे, काळे पायमोजे आणि डोळ्यांवर पट्टी, एवढाच ऐवज. हातातल्या दोरीला सोनेरी शेपटीचं डुक्कर.

आता पुराण काढा. नागडी बाई नुसतीच असली तर अश्लील. तिच्यामागे ग्रीक नाव लावलं की अभिजात. होमरची जादूगारीण सर्सी हाताशी आहेच, तिने ओडिसियसच्या खलाशांची डुकरं केली होती. म्हणजे डुक्कर हा पुरुष, बिचारा, मंतरलेला. पट्टीसाठी दैवाची देवी फॉर्चुना चालेल. न्यायदेवता मात्र सुचवू नका, चित्राचे पहिले मालक एदमों पिकार ब्रसेल्सचे नामांकित वकील होते.

एवढ्यावर भागलं नाही तर सामाजिक संदर्भ द्यावा, पण बेताने. शतकअखेरीचं अधःपतन, खालच्या संगमरवरी पट्ट्यात हताश बसलेल्या कला, यांवर हवं तितकं बोला. अत्तराने घमघमणाऱ्या, निळ्या सॅटिनच्या खोलीत चार दिवसांत हे काढलं, असं रोप्सनेच मित्राला कळवलं होतं. हा तपशील हमखास भाव खाऊन जातो. ब्रसेल्सच्या परवानाधारक कुंटणखान्यांकडे मात्र वळू नका. तिथल्या बायकांची नावं पोलिसांच्या वहीत, त्यांची वैद्यकीय तपासणी सक्तीची. गिऱ्हाइकाची ना नोंद, ना तपासणी. त्यात १८८०च्या सुमारास अल्पवयीन इंग्रज मुली खोट्या कागदपत्रांवर तिथे आणल्याचं उघड झालं, आणि पोलीस खात्याचीच नाचक्की झाली. हे सगळं काढलंत, तर दोरी नक्की कुणाच्या गळ्यात होती असं कुणीतरी विचारणार, आणि तुमची सर्सी लटकी पडणार.

१८८६मध्ये ब्रसेल्सला 'ले व्हँ' या कलावंतांच्या गटाने चित्र मांडलं तेव्हा बोंबाबोंब झाली, हे जरूर सांगा. त्या काळचे लोक कसे बुरसटलेले होते यावर सगळ्यांचं पटकन एकमत होतं. तरीही एखादा हट्टी पाहुणा विचारेलच की इतक्या गुबगुबीत डुकराला खायला कोण घालत होतं. त्याला हवेत उडणारी तीन पंखवाली पोरं दाखवावीत आणि अ‍ॅक्वाटिंटच्या, म्हणजे एचिंगमध्ये छटा उमटवणाऱ्या तंत्राच्या, करामतीची तारीफ करावी.