राखीगढीच्या एका बाईवर केवढा हा भार

नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर एकच मेसेज गेल्या आठवड्यात चौथ्यांदा आला: ‘राखीगढीच्या सांगाड्यांच्या डीएनएने सिद्ध केले, १२,००० वर्षांत भारतात बाहेरून कोणी आलेच नाही. सगळ्या भारतीयांचा डीएनए एकच.’ खाली एका काकांनी लिहिले, ‘आता तर सायन्सच सांगून राहिलं.’ काका, सायन्स हे सांगत नाही.

‘सांगाड्यांच्या’ हे अनेकवचनच चूक. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या ठिकाणचे ६१ नमुने तपासले, पुरेसा डीएनए मिळाला एकाच बाईचा. कानाजवळच्या टणक हाडात तो सगळ्यात जास्त टिकतो, पण आपल्याकडच्या उन्हात तिथूनही नाहीसा होतो. मे महिन्यात काटोल रोडला जुनापाणीची शिळावर्तुळे पाहायला गेलेल्याला उन्हाचे वेगळे सांगायला नको.

१२,००० हा आकडा खरा आहे, अर्थ मात्र दुसराच चिकटवलाय. त्या बाईच्या पूर्वजांची एक शाखा इराणकडच्या लोकांशी नाते सांगते. ती शाखा तिथल्या लोकांपासून शेती सुरू होण्याआधीच, १२,००० वर्षांपूर्वीच्याही आधी, वेगळी झाली होती. म्हणजे इराणातून शेतकऱ्यांचे लोंढे आले आणि त्यांनी इथे शेती आणली, या जुन्या समजुतीला धक्का बसला. तेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असलेले पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे यांच्या चमूचे हे मोठे काम आहे, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्यावरून पुढे कोणी आलेच नाही, असे कसे ठरते?

खरी गोम इथेच आहे. ही बाई सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्यात स्टेप म्हणजे मध्य आशिया ते पूर्व युरोप पसरलेल्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही. आजच्या बहुतेक भारतीयांत तो कमी-अधिक आहे. तेव्हा नव्हता आणि आज आहे, म्हणजे तो मधल्या काळात आला. राखीगढीचा निबंध आला त्याच महिन्यात, सप्टेंबर २०१९ मध्ये, दुसरा शोधनिबंध आला, ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएचा. त्याने हे आगमन इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान ठेवले. दोन्ही निबंधांतले काही संशोधकही तेच आहेत! मेसेज लिहिणाऱ्याने एक निबंध अर्धा वाचला आणि दुसरा गाळला.

राहिले ‘डीएनए एकच’. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संस्थेतल्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७३ समाजगट तपासले. ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी इथे वेगवेगळ्या मूळच्या लोकांची सर्रास मिसळण झाली होती, पुढे जातीतल्या जातीत लग्ने होऊ लागली. मिसळणीचे प्रमाण गटागटात वेगळे, पण ती जवळपास सगळ्यांत आहे, आदिवासी गटांतही. त्यामुळे ‘अमुक जात मूळची, तमुक बाहेरची’ हा दुसरा मेसेजही, काका, कृपा करून पुढे पाठवू नका.